जानेवारीत रामपूर बुशहरला पिकअप न्यायची आहे, बर्फात मागच्या चाकाची गाडी कशी सांभाळायची?

बावडेकर_पिकअप

नमस्कार मंडळी. मी कसबा बावड्याचा. माझी बोलेरो पिकअप आहे, साधी, मागच्या चाकांवर चालणारी. नॅशनल परमिट आहे.

ताई-दाजी हिमाचलात रामपूर बुशहरला असतात, सतलजच्या काठाला. दाजींचं तिथं गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं, दुकान आहे. त्यांच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला, गावाकडं बघायला कोणी नाही, म्हणून दुकान बंद करून खानापूर तालुक्यात परत यायचं ठरलंय. भाड्याच्या जागेची मुदत जानेवारीअखेर संपते. संसार आणायला मीच जातो म्हणून शब्द देऊन बसलोय. जाताना चाळीस ढेपा गूळ न्यायचा आहे, म्हणजे ४०० किलो.

नऊ वर्षं गाडी चालवतोय. भर पावसात करूळ घाट, आंबोली, फोंडा, सगळं केलंय. पण बर्फावर कधी चाक घातलेलं नाही. रस्ता नारकंड्यावरून जातो आणि जानेवारीत तिथं बर्फ असतो असं दाजी म्हणतात. येताना गाडीत ताई आणि सहा वर्षांचा भाचा असणार. म्हणून नीट माहिती पाहिजे. बर्फात टायरवर लोखंडी चेन चढवतात, ती पुढच्या चाकांना का मागच्या? हौद्यात वजन टाकतात म्हणे, ते किती?

उद्यमनगर_मिस्त्री

भावा, आधी रेडिएटर. आपल्याकडं पाणी कमी झालं की नळाचं पाणी ओततात आणि कूलंट नुसतं नावाला हिरवं राहतं. पाणी गोठलं की फुगतं, ब्लॉकला तडा जातो. सगळं काढून, धुऊन, निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर भर. तेवढ्यावर उणे ३५ पर्यंत काळजी नाही.

बॅटरी तीन वर्षांच्या पुढची असेल तर इथंच बदल. थंडीत तिची ताकद निम्म्यावर येते, आणि ऑईल घट्ट झाल्यामुळं इंजिन फिरवायला जोर दुप्पट लागतो. काच धुवायच्या टाकीतलं साधं पाणीही काढून टाक.

डिझेल इथून टाकी भरून तिकडंपर्यंत न्यायचं नाही. डिझेलात मेण असतं, थंडीत ते साकळतं आणि फिल्टर चोंदतो. म्हणूनच भारतीय मानकात डिझेल गोठायची मर्यादा उन्हाळ्यासाठी १५ अंश आणि हिवाळ्यासाठी ३ अंश अशी वेगळी आहे. चंदीगडच्या पुढं तिकडच्या पंपावर टाकी भर, आणि नवा डिझेल फिल्टर टाकूनच नीघ.

विट्याचा_गलाईवाला

मी १४ वर्षं हिमाचलात काढली, आता विट्यात असतो. दादा, तुमचे दाजी सांगतात तो हायवे कुफ्री, ठियोग, नारकंडा करत जातो. नारकंडा साधारण २,७०० मीटरवर आहे आणि रामपूर सतलजच्या खोऱ्यात, १,००० मीटरच्या आसपास. म्हणजे रामपुरात ऊन पडलेलं असतं आणि वाटेत नारकंड्याला गुडघाभर बर्फ.

त्यापेक्षा शिमल्याजवळच्या ढल्लीहून डावीकडं मशोबरा, नालदेहरा, बसंतपूर, सुन्नी असा रस्ता धरा. तो खाली सतलजच्या कडेनं जातो आणि नारकंड्याच्या पलीकडं उतारावर परत हायवेला लागतो. नारकंडा बंद झालं की पोलीससुद्धा वाहतूक याच बाजूनं सोडतात. वेळ जास्त लागतो, रस्ता अरुंद आहे, पण बर्फाचा टप्पा शिमला ते नालदेहरा एवढाच राहतो. त्याच्या खाली उतरलात की चिंता मिटली. निघायच्या आदल्या रात्री दाजींना स्टँडवर जाऊन बसवाल्यांकडं चौकशी करायला सांगा. त्यांच्याइतकी खरी बातमी कुणाकडं नसते.

शिरोळचा_फौजी

पोरा, तुझा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यात राहिला, कारण तू बहिणीला आणि लेकराला घेऊन येणार आहेस. म्हणून सविस्तर लिहितो. मी फौजेत ड्रायव्हर होतो, २२ वर्षं. त्यातली बरीच जम्मू-काश्मिरात.

तुला बर्फ नवा नाही, असं माझं म्हणणं आहे. गळीत हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर पहाटे दहिवर पडतं, उसाचा पाला रस्त्याला चिकटून ओला झालेला असतो. मोकळी पिकअप घेऊन त्यावर जरा रेस दिली तर मागचा भाग कसा अंग काढतो, ते तुला माहीत आहे. हिमाचलात गोठलेल्या दहिवरालाही पालाच म्हणतात. दोन्ही पाले चाकाला सारखंच फसवतात. फरक एवढाच, आपल्याकडचा पाला दहा पावलांत संपतो आणि तिकडचा अख्खं वळण व्यापून असतो.

आता मागच्या चाकाच्या गाडीचं दुखणं काय ते समजून घे. मोकळ्या पिकअपचं वजन पुढं असतं, इंजिन आणि केबिन दोन्ही पुढं. ओढणारी चाकं मागं, आणि त्यांच्यावर भारच नाही. पाटे, म्हणजे मागच्या स्प्रिंगा, तर टनभर मालाच्या हिशोबानं बनवलेले, मोकळ्या गाडीत ते दगडासारखे ताठ. म्हणून चाक जागेवर फिरतं आणि गाडी शेपूट टाकते. जाताना तुझा गूळच तुझं वजन आहे. ढेपा केबिनला टेकवून रचू नकोस आणि फाळक्यापाशीही नको. हौजिंगच्या, म्हणजे मागच्या चाकांच्या आसाच्या, बरोबर वर, किंचित पुढं सरकवून, दोनच थरांत ठेव. हौजिंगच्या मागं वजन गेलं की पुढचा भाग उचलला जातो, स्टिअरिंग हलकं होतं, आणि मग वळणावर गाडी तुझं ऐकत नाही.

येताना खरी काळजी. संसाराचं सामान उंच असतं आणि वजनाला हलकं. गाद्या, कपाट, पिंप. तेव्हा खाली आधी वाळूची पोती घाल. सिमेंटच्या मोकळ्या पोत्यात ४० किलो, अशी पाच. रश्शानं हुकाला आवळून बांध, नाहीतर ब्रेक मारला की तेच पोतं केबिनच्या पाठीवर येतं. वाळू कोरडीच बघून घे. ओली वाळू रात्रीत गोठून तिचा धोंडा होतो, आणि चाक अडकल्यावर पुढं टाकायला चिमूटभरही निघत नाही. एक पोतं हाताशी ठेव, फावडं बरोबर घे.

चेन मागच्या चाकांना, दोन्ही. ओढणारं चाक तेच आहे. टायरवरचा आकार वाचून दुकानदाराला सांग आणि तो म्हणेल त्यावर विश्वास न ठेवता तिथंच एकदा चढवून बघ. उद्यमनगरात कडी जोडून चेन करून घ्यायचा विचार आला असेल तर सोड, तुटलेली चेन ब्रेकची नळी फाडते. कसबा बावड्यात घरासमोर अंधारात, हातमोजे घालून, चार वेळा चढव आणि काढ. बर्फात बोटं बधिर होतात, तेव्हा हाताला सवय पाहिजे. चढवल्यावर शंभर पावलं जाऊन थांबायचं आणि परत ताणायची. चेनवर ३० च्या पुढं जायचं नाही. कोरडं डांबर सलग लागलं की मगच काढायची.

आता माझ्यावर आलेला प्रसंग. १९९६ चा जानेवारी. पटनीटॉपवरून खाली उतरत होतो. तेव्हा चेनानी-नाशरीचा बोगदा नव्हता, तो २०१७ ला झाला, त्यामुळं सगळी वाहतूक डोंगरावरूनच. माझी गाडी चारही चाकांना ओढ असलेली होती, चेन खोक्यात होती. वर बर्फ संपला, काळा रस्ता लागला म्हणून मीच चेन काढायला लावली होती. देवदाराच्या सावलीत एक डावं वळण आलं. रस्ता नुसता ओला दिसत होता. अचानक टायरचा आवाज बंद झाला. बर्फात चेनची खडखड, डांबरावर रबराची घरघर, काहीतरी ऐकू येतंच. तिथं काहीच नाही. स्टिअरिंग हातात लोण्यासारखं. मी घाबरून ब्रेकवर पाय दिला आणि गाडी आडवी झाली. डोंगराकडच्या नालीत चाक गेलं म्हणून वाचलो. दुसऱ्या बाजूला खोल दरी होती. शेजारी बसलेल्या जवानाचा खांदा निखळला. चूक माझी होती आणि ती मी आजवर विसरलो नाही.

म्हणून सांगतो, चार चाकांची ओढ असो की दोन, ती गाडी पुढं न्यायला उपयोगी. थांबवायच्या कामात सगळ्या गाड्या सारख्याच. ३० च्या वेगात कोरड्या सपाटीवर गाडी पाच-सहा मीटरांत थांबते. तसल्या काचेच्या बर्फावर तीच ३५ मीटर जाते, आणि दहाला एक असा उतार असला तर थांबतच नाही. टायरचा आवाज गेला की ब्रेकला हात लावायचा नाही. पाय उचल, क्लच दाब, चाकं मोकळी सोड. मागचा भाग उजवीकडं निघाला तर स्टिअरिंगही उजवीकडं, पण थोडंच, आणि गाडी सरळ व्हायला लागली की लगेच परत आण.

घाटात आपण उतारावर गिअर टाकून गाडी दाबतो, ती सवय तिथं जपून वापर. तुझ्या गाडीत इंजिनचा दाब फक्त मागच्या चाकांवर येतो. वळणात खाडकन तिसऱ्यावरून दुसरा टाकलास तर हॅण्डब्रेक ओढल्यासारखं होतं. उतार सुरू व्हायच्या आधी दुसरा घाल, क्लच सावकाश सोड, आणि खालपर्यंत तोच ठेव. चढाला निघतानाही पहिला नको, दुसऱ्यावर हळू सोड.

रात्री हॅण्डब्रेक ओढून गाडी लावू नकोस, लायनर गोठून ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेव आणि चाकाला लाकडी ठोकळे लाव. आणि सकाळी दहाच्या आत, दुपारी चारच्या नंतर त्या टप्प्यात असायचं नाही. हे मात्र माझं ऐकच.

बावडेकर_पिकअप

काका, तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, फौजींना विचार, पोरगा पुढं बसवायचा का मागच्या सामानात? मी तिला सांगितलं की सामानात नाही. पण त्या टप्प्यात गाडी चालवताना ताईनं काही करायचं असतं का?

शिरोळचा_फौजी

आईंना नमस्कार सांग. हौद्यात कुणालाच बसवायचं नाही. शिमला ते नालदेहरा ताई आणि लेकरू बसनं येऊ देत, तिथले बसवाले रोज त्या रस्त्यावर असतात. गाडीत तू आणि दाजी. दाजींनी खिडकी दोन बोटं उघडी ठेवायची आणि टायरचा आवाज ऐकायचा. दोन माणसांचे चार कान.

बावडेकर_पिकअप

मंडळी, परवा रात्री सगळे सुखरूप पोचलो.

संक्रांत करून १५ तारखेला निघालो. सोलनला पोचलो तर शिमल्यात आदल्या रात्री बर्फ पडलेला, म्हणून एक दिवस तिथंच थांबलो. नारकंडा बंदच होतं. गलाईवाल्या दादांच्या रस्त्यानं गेलो. ढल्लीला चेन चढवायला अकरा मिनिटं लागली, इथं अंधारात पहिल्यांदा पाऊण तास लागला होता. गूळ हौजिंगवर असल्यामुळं चढाला चाक एकदाही जागेवर फिरलं नाही.

येताना, मशोबऱ्याच्या अलीकडं, सव्वादहा वाजलेले. एका वळणावर घरांची सावली होती. दाजी एकदम म्हणाले, "आवाज गेला." चेन होती, पण खाली बर्फ नव्हता, नुसता काळा चकचकीत थर, आणि चेनचा आवाजही कसा बारीक काच किसल्यासारखा झाला. मागचा भाग डावीकडं वीतभर सरकला. काका, पाय उचलला, क्लच दाबला, स्टिअरिंग डावीकडं इवलंसं. एवढंच केलं. मनात नुसतं "ब्रेक नको, ब्रेक नको" चाललेलं. गाडी सरळ झाली आणि पुढं उन्हात डांबराची घरघर परत ऐकू आली. दाजींनी माझ्या मांडीवर हात ठेवला तो ढल्ली येईपर्यंत काढला नाही.

वाळूची पाच पोती तशीच कोल्हापुरापर्यंत आली. ताईला तिच्या गावी पोचवताना ती तिथंच अंगणात उतरवली, भाचा त्यात घाट करून खेळतोय.

चेन धुऊन, वाळवून, ऑईल लावून पोत्यात ठेवली आहे. पुढच्या हिवाळ्यात आपल्या भागातलं कोणी पिकअप घेऊन तिकडं जाणार असेल तर घेऊन जा, भाडं नको. फक्त टायरचा आकार आधी जुळवून बघा.