बंदूक बाळगायला लायक, काडतूस भरायला नालायक?

दादरकर:
आजोबांची एकनळी फोर-टेन बंदूक वारसाहक्काने माझ्या परवान्यावर आली त्याला सहा वर्षं झाली. सहा वर्षांत तिच्यातून बार काढले अकरा, तेही रेंजवर. आवड नाही म्हणून नव्हे, काडतूसच मिळत नाही. बारा बोअर मागितलं की दुकानदार खडकीच्या कारखान्याचं ‘शक्तिमान’ काडतूस काढून ठेवतो. फोर-टेन म्हटलं की असा बघतो, जणू मी प्रायमसची पिन मागतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, त्याचा आकडा वाढला की नळी बारीक होते. नळीत नेमकी बसणारी शिशाची गोळी घ्यायची, तशा १२ गोळ्यांचं वजन एक पौंड भरलं तर ते बारा बोअर. फोर-टेन मात्र या हिशेबातलं नाही, तो थेट इंचाचा आकडा आहे, ०.४१० इंच, म्हणजे साडेदहा मिलिमीटरला जरा कमी.

गेल्या महिन्यात माळा साफ करताना बिस्किटांचा पत्र्याचा डबा हाती लागला. आत चाळीसेक पितळी पुंगळ्या (काडतुसांची रिकामी नळकांडी), बंदुकीच्या दारूवर बसवायच्या फेल्टच्या चकत्या आणि काडतूस भरायचं एक हातयंत्र. दारू किंवा छर्रे काही नाही. बाबा म्हणाले, पावसाळ्यात कागदी काडतुसं दमट हवेने फुगायची आणि नळीत शिरायची नाहीत, म्हणून आजोबा पितळीच वापरायचे. वाजलेली पुंगळी पुन्हा भरायची, पुन्हा वाजवायची.

अमेरिकेत आजही स्कीट (उडत्या तबकड्यांवर नेमबाजी) खेळणारे २८ बोअर आणि फोर-टेनची काडतुसं घरी भरतात, कारण बारीक बोअरचा तयार माल बारा बोअरपेक्षा महाग पडतो. बरं, अमेरिका सोडा. जर्मनीचा शस्त्र कायदा काही सैल नाही. तिथे कोर्स करा, परीक्षा द्या, स्फोटकांच्या कायद्यातल्या कलम २७ चा परवाना घ्या आणि घरी भरा. आपल्याकडे पोलिसांनी माझी चौकशी केली, शेजाऱ्यांना विचारलं, आणि बंदूक दिली. पण तिचं काडतूस भरण्याइतका मी विश्वासाचा नाही. हे कुठलं गणित?

कलमबहाद्दर:
गणित नंतर, आधी डबा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २ मध्ये ‘दारूगोळा’ म्हणजे काय ते वाचा. त्यात दारूगोळ्याचे सुटे भाग येतात आणि तो बनवायची यंत्रंसुद्धा येतात. तुमचा परवाना कलम ३ चा, बाळगण्याचा. बनवण्याचा परवाना कलम ५ खाली, तो निराळा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला किमान ७ वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे. ‘जुनी पुंगळी परत भरणं म्हणजे निर्मिती नव्हे’ असा युक्तिवाद करता येईल. पण तो करताना माझा अशील पिंजऱ्यात उभा असावा असं मला वाटत नाही. आणि कृपा करून डब्याचा फोटो इथे टाकू नका.

लालबाग_मुक्काम_सावंतवाडी:
वकीलसाहेब, मग आमच्या काकांचं काय करायचं? शेतीसंरक्षणाचा परवाना, ठासणीची बंदूक. आधी दारू ओतायची, चिंध्या कोंबायच्या, छर्रे सोडायचे, गजाने ठासायचं, वर केप (ठिणगी पाडणारी छोटी टोपी) बसवायची. म्हणजे प्रत्येक वेळी हातभरणी, तीही गोठ्यामागे, कंदिलाच्या उजेडात रानडुकरांचा आवाज ऐकत. ते सरकारला चालतं. मुंबईतल्या माणसाने टेबलावर बसून, काटा लावून, शांतपणे भरलं की तो कारखाना? (निवडणूक आली की तीच बंदूक पोलीस ठाण्यात जमा, आणि नेमकं भात कापणीला आलेलं असतं. हे जाता जाता.)

वरळी_रेंज:
उलट्या बाजूने बोलतो. बारा बोअरने ट्रॅप (हाही उडत्या तबकड्यांवरच्या नेमबाजीचा खेळ) खेळतो, घरी भरण्याच्या विरोधात आहे.

ठासणीच्या बंदुकीत काळी दारू असते. त्याच मापाला तिचा जोर कमी, दाब कमी. आजोबांच्या पुंगळ्यांतही बहुधा काळीच जात असणार. आता त्याच पुंगळीत कुणी आजची धूररहित दारू त्याच मापाने ओतली, तर नळी फुटते. मापाचं भांडं तेच, डोळ्यांना दिसतंही सारखंच. आणि बारीक बोअर म्हणजे खेळण्यातलं हा गैरसमज आधी काढा. अमेरिकन मानकात बारा बोअरला कमाल दाब ११,५०० पौंड प्रति चौरस इंच, तर अडीच इंची फोर-टेनला १२,५००. पुंगळी एवढीशी, त्यामुळे बारा बोअरमध्ये जी चूक पचून जाते ती इथे पचत नाही.

तयार काडतुसांतसुद्धा घोळ होतात. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या नळीत घसरून पुढे अडकतं, मागून दुसरं भरून चाप ओढला की संपलं. म्हणून वीस बोअरची पुंगळी पिवळी करतात. कारखान्यात रंग ठरलेला असतो. घरच्या भरणीला रंग कोण देणार?

दादरकर:
तुम्ही जे सांगितलंत तोच कोर्सचा पहिला धडा असेल. मी ‘उद्यापासून सगळ्यांना भरू द्या’ म्हणत नाहीये, परीक्षा घ्या म्हणतोय. गाडी चालवताना माणसं मरतात म्हणून आपण लायसन्स देतो, गाड्या बंद करत नाही.

सेक्रेटरी_बी_विंग:
कोर्स पुण्यात होईल, परीक्षा दिल्लीत होईल, दारू आमच्या चौथ्या मजल्यावर राहील. दिवाळीत जिन्याखाली फटाक्यांचं पोतं ठेवू नका हे सांगून माझा घसा बसतो. मुंबईकरांना १४ एप्रिल १९४४ चा गोदीतला स्फोट आठवत नसेल तर वाचून घ्या.

लालबाग_मुक्काम_सावंतवाडी:
साहेब, फोर्ट स्टिकिन जहाजात सुमारे १४०० टन स्फोटकं होती आणि सोबत कापसाच्या गाठी. दादरकरांच्या माळ्यावर बिस्किटाचा डबा आहे, त्यात दारूही नाही. थोडं प्रमाण ठेवा.

सेक्रेटरी_बी_विंग:
टनांवर भांडत नाहीये. आग लागल्यावर अग्निशमन दल मला विचारेल घरात काय काय आहे, तेव्हा मी काय सांगायचं? चाळीत निदान सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असायचं.

पाटीलबाई_ठाणे:
सगळे सुरक्षेवर घसरलात. खरी गोम हिशेबात आहे. माझे वडील शस्त्रविक्रेत्याकडे कारकून होते. काडतूस विकलं की दुकानाच्या वहीत नोंद, ग्राहकाच्या परवान्यावर नोंद. कुणी किती घेतली ते दोन्हीकडे दिसतं. घरी भरायला लागलात की ही साखळी तुटते, एक पुंगळी दहा वेळा वाजली तरी कागदावर एकच. सरकारला तुमचा अंगठा उडेल याची काळजी नाही हो, आकडा चुकेल याची आहे. आणि ज्या शहराने १९९३ पाहिलं तिथे ती काळजी मला चूक वाटत नाही.

दादरकर:
या धाग्यातला हा पहिला मुद्दा ज्याने मला थांबवलं. पण पुंगळ्या का मोजायच्या? केपा मोजा. पुंगळी कितीही वेळा वापरली तरी प्रत्येक वेळी नवी केप लागते, आणि ती घरी बनत नाही. वर्षाला परवान्यावर जितकी काडतुसं, तितक्याच केपा, दुकानातून नोंद करून. हिशेब जसाच्या तसा राहतो.

पाटीलबाई_ठाणे:
कल्पना चांगली आहे. पण अशा बंदुका राज्यात आहेत किती? त्यांच्यासाठी कोर्स, परीक्षा, केपांची वही, तपासनीस, एवढं कोण उभं करणार? मला विचाराल तर तुम्ही चुकीची गोष्ट मागताय. भरायची परवानगी कशाला, भरलेला माल मागा. खडकीचा कारखाना १८६९ पासून काडतुसं बनवतोय, २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडियात आहे, मुख्यालय पुण्यात. लोक एका लग्नासाठी वीस फोन करतात, तुम्ही एक पत्र लिहिलंय का?

दादरकर:
नाही. बरोबर आहे, नाही लिहिलं.

वरळी_रेंज:
लिहा, मी सही करतो. कारखान्याचं फोर-टेन आलं तर मी पण शिकाऊ मुलांसाठी घेईन. घरच्या भरणीला विरोध कायम.

लालबाग_मुक्काम_सावंतवाडी:
पत्राचं उत्तर येईपर्यंत दादरकरांच्या नातवाच्या परवान्यावर बंदूक चढलेली असेल. माझं मत परीक्षेलाच.

दादरकर:
पत्र लिहितोय, आणि परीक्षेची मागणीही सोडत नाहीये. दरम्यान कलमबहाद्दरांचं ऐकून डबा उद्या ओळखीच्या वकिलांबरोबर पोलीस ठाण्यात दाखवायला नेतोय. यादी करायला बसलो तर फेल्टच्या चकत्या सापडेनात. आईने त्या जेवणाच्या खुर्च्यांच्या पायांना चिकटवल्यात, फरशीवर ओरखडे पडू नयेत म्हणून. वकीलसाहेब, त्या पण धरायच्या का यादीत?

कलमबहाद्दर:
खुर्च्या किती?