दफनभूमीत लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्यांसह सामूहिक फेरी : नियोजनाविषयी सल्ला हवा आहे

प्रश्न

नमस्कार मंडळी. आमच्या गटातील आठ-दहा जण एका जुन्या दफनभूमीत लार्ज फॉरमॅट फिल्मवर अर्धा दिवस काम करण्याचे ठरवीत आहोत. ट्रायपॉडसह आत जाण्याची लेखी परवानगी मिळाली आहे. बहुतेकांचे कॅमेरे ४ बाय ५ इंची आहेत, एकाचा ८ बाय १० आहे आणि दोघे-तिघे शीट फिल्म (सुट्या तावांची फिल्म) पहिल्यांदाच हाताळणार आहेत. झाडी दाट आहे आणि बरेचसे शिलालेख पूर्वाभिमुख आहेत, त्यामुळे सकाळचे कोवळे ऊन गाठावे असे सर्वांचे मत पडले; ते बरोबर आहे का? पांढरा संगमरवर आणि काळपट झाडी एकाच चौकटीत आल्यास एक्स्पोजर कसे ठरवावे? शिवाय इतकी माणसे एवढ्या अवजड सामानासह एकत्र वावरताना गोंधळ होऊ नये आणि तेथे येणाऱ्या आप्तांना त्रासही होऊ नये, यासाठी अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

वेळेबाबत मी असहमत आहे. पूर्वाभिमुख दगडावर उगवतीचे ऊन समोरून, थेट पडते. अशा प्रकाशात कोरलेल्या अक्षरांच्या खाचांत सावलीच साठत नाही आणि झिजलेला लेख सपाट, कोरा दिसतो. अक्षरे उठून दिसायची असतील तर प्रकाश दगडाच्या पृष्ठभागाला घासून जायला हवा. पूर्वाभिमुख दगडाच्या बाबतीत ही वेळ मध्यान्हाच्या थोडी आधी येते, कारण तेव्हा सूर्य मध्यम अक्षांशांवर दगडाच्या बाजूला आणि उष्ण कटिबंधात जवळजवळ माथ्यावर असतो. छायाचित्रकार ज्या वेळी कॅमेरा आवरून ठेवतात, नेमकी तीच वेळ इथे उपयोगाची आहे. तेव्हा सकाळी रस्ते, झाडी आणि विस्तृत दृश्ये घ्यावीत आणि ऊन दगडावरून सरकू लागले की लेखांकडे वळावे.

जे दगड कायम सावलीत असतात त्यांच्यासाठी साधा आरसा न्यावा. एकाने उन्हात उभे राहून आरशाने प्रकाशाची तिरीप दगडाच्या कडेवरून जवळजवळ समांतर सोडावी आणि दुसऱ्याने ग्राउंड ग्लासवर (कॅमेऱ्यामागच्या, प्रतिमा दाखवणाऱ्या दुधी काचेवर) पाहत तिला दिशा सांगावी. आरसा बोटभर फिरवला की पुसट झालेली ओळ एकदम वाचता येते, आणखी थोडा फिरवला की पुन्हा नाहीशी होते. हे काम एकट्याला जमत नाही, म्हणून गटाने जाण्याचा खरा फायदा मला इथेच दिसतो. एक्स्पोजर मात्र आरसा स्थिर झाल्यावरच मोजावे. अक्षरे स्पष्ट व्हावीत म्हणून दगडावर खडू, पीठ किंवा दाढीचा फेस चोळण्याची जुनी युक्ती कोणी सुचवल्यास तिला ठाम नकार द्यावा. त्याने दगडाची हानी होते. शेवाळ आणि दगडफूलही खरवडू नये.

प्रतिसाद २

प्रकाशाचे वरील विवेचन पटले. माझा आक्षेप संख्येवर आहे. आठ-दहा ट्रायपॉड एकाच समाधीभोवती उभे राहिले तर कोणालाही चांगले चित्र मिळणार नाही आणि दुरून पाहणाऱ्याला जमिनीची मोजणी चालली आहे असे वाटेल. दोन-दोनच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा भाग द्यावा, नवख्याबरोबर एक जाणता असावा आणि कोणत्याही जोडीने अलीकडच्या दफनांच्या भागात पाऊल ठेवू नये. अंत्यविधी सुरू झाल्यास फोकस करताना डोक्यावर घेतलेल्या काळ्या कापडाखालून बाहेर यावे, कॅमेरा तसाच सोडून दूर व्हावे आणि विधी आटोपेपर्यंत शटरला हात लावू नये. परवानगीचा कागद हाती असला तरी हा नियम बदलत नाही.

जोडीचा दुसरा उपयोग असा की, एकाने मोठ्याने क्रम म्हणावा आणि दुसऱ्याने त्याप्रमाणे करावे : शटर बंद, ॲपर्चर ठरले, शटर कॉक केले (ताणून सज्ज केले), होल्डर (फिल्मची चपटी पेटी) नीट बसला, मगच डार्क स्लाइड (फिल्म झाकणारी पट्टी) बाहेर. फोकस करताना उघडलेले शटर तसेच ठेवून स्लाइड ओढली की ती शीट गेलीच म्हणून समजा. एका होल्डरमध्ये दोन शीट मावतात. न वापरलेल्या बाजूची स्लाइड पांढरी कड बाहेर ठेवून आणि वापरलेल्या बाजूची काळी कड बाहेर ठेवून घालण्याची रूढ पद्धत सर्वांनी पाळावी. होल्डर दिसायला सारखेच असल्याने प्रत्येकावर मालकाची खूण आणि क्रमांक हवा, नाहीतर संध्याकाळी एकाची चित्रे दुसऱ्याच्या टाकीत धुतली जातील. नवख्यांनी आदल्या रात्री घरीच फिल्म भरावी आणि अंधारात दिशा ओळखण्यासाठी कडेच्या खाचा चाचपून पाहाव्यात : शीट उभी धरून खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात आल्या, तर इमल्शनची (प्रकाशसंवेदी लेपाची) बाजू आपल्याकडे असते.

ट्रायपॉडच्या टोकदार खिळ्यांऐवजी रबरी पाय वापरा, बॅगा शिळांवर ठेवू नका आणि उभ्या दगडाला टेकू नका. जुने दगड वाटतात तेवढे पक्के नसतात. एडिंबरामधील ग्रेफ्रायर्स दफनभूमीत डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल आणि रॉबर्ट ॲडमसन यांनी १८४० च्या दशकात थडग्यांशी माणसे बसवून कॅलोटाइप (कागदी निगेटिव्हच्या जुन्या पद्धतीची) चित्रे घेतली, आणि ती आजही पाहण्यासारखी आहेत. तुमच्या गटातील कोणी व्यक्तिचित्राचा प्रयोग करणार असेल तर ती जरूर पाहावीत, फक्त दगडाला रेलून बसण्याचा भाग सोडून द्यावा.

प्रतिसाद ३

एक्स्पोजरविषयी लिहितो. कृष्णधवल निगेटिव्हवर झाडीच्या सावलीत जेथे तपशील हवा आहे तेथे स्पॉट मीटर (छोट्या भागाचा प्रकाश मोजणारा) लावावा आणि मीटर सांगेल त्याहून दोन स्टॉप (प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा) कमी एक्स्पोजर द्यावे, म्हणजे ती सावली झोन ३ वर बसते (झोन म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांच्या पायऱ्या). मग उन्हातला संगमरवर कोणत्या झोनवर पडतो ते पाहावे. तो ७ किंवा ८ वर असेल तर नेहमीचे डेव्हलपिंग पुरे. ९ किंवा त्यापुढे गेला तर त्या शीटचा डेव्हलपिंगचा वेळ कमी करावा. प्रत्येक शीट स्वतंत्रपणे धुता येते, ही रोल फिल्मवर न मिळणारी सोय आहे आणि संगमरवराइतकी तिची गरज क्वचितच कोठे भासते. पिवळसर हिरवा फिल्टर लावल्यास पाने थोडी उजळतात आणि ही दरी आणखी कमी होते, मात्र त्यासाठी साधारण दोन स्टॉप जास्त द्यावे लागतात.

दाट सावलीत रेसिप्रोसिटीचा (लांब एक्स्पोजरमध्ये फिल्मची संवेदना घटते त्याचा) हिशेब विसरू नये. इल्फर्डच्या एफपी४ प्लस या कृष्णधवल फिल्मसाठी मोजलेल्या सेकंदांचा १.२६ वा घात घ्यायचा असतो. तुमच्या ८ बाय १० वाल्या मित्राला हे जास्त जाणवेल : १५० मिमी लेन्सवर एफ/२२ ला मिळणारी फोकसची खोली त्याला ३०० मिमी लेन्सवर एफ/४५ ला मिळेल, म्हणजे तुमचे मोजलेले ८ सेकंद त्याचे ३२ होतील, दुरुस्तीनंतर तुम्हाला सुमारे १४ सेकंद पुरतील, त्याला मात्र ७९ सेकंद थांबावे लागेल. तेवढ्या वेळात वाऱ्याने बेलोज (लेन्स आणि फिल्म यांमधली घड्यांची नळी) शिडासारखी फुगू शकते, म्हणून जोडीदाराने वाऱ्याच्या बाजूला कापड धरून उभे राहावे. लेख जवळून घेताना बेलोज लांबते, त्याचीही भर घालावी. १५० मिमी लेन्ससाठी बेलोज २०० मिमीपर्यंत ओढली की एक्स्पोजर जवळजवळ १.८ पट लागते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वेळ बदलतो आणि जोड्याही पाडतो. एक शंका राहिली : थडग्यांची लांब रांग जवळच्या दगडापासून शेवटपर्यंत स्पष्ट हवी असेल तर लेन्स पुढे टिल्ट करणे (झुकवणे) योग्य ठरेल का? आमच्यातील एकजण तसे आग्रहाने सांगत आहेत.

प्रतिसाद ४

रांग कशाची आहे यावर ते अवलंबून आहे. जमिनीलगतच्या आडव्या शिळा असतील तर टिल्ट उत्तम, कारण फोकसचे प्रतल जमिनीवर आडवे पसरते. दगड उभे असतील तर तोच टिल्ट घातक ठरतो. कॅमेऱ्याजवळ स्पष्टतेचा पट्टा अगदी अरुंद असल्याने पहिल्या दगडाचा पाया स्पष्ट येतो आणि माथा धूसर होतो. उभ्या दगडांची रांग एका बाजूने तिरपी दूर जात असेल तर टिल्टऐवजी स्विंग (लेन्स डावी-उजवीकडे वळवणे) वापरून प्रतल रांगेच्या दिशेने फिरवावे. दोन्ही बाजूंना रांगा आणि मध्ये वाट असेल तर दोन्हींचा मोह आवरून लेन्स सरळ ठेवावी आणि ॲपर्चर लहान करावे.

उंच स्तंभांसाठी कॅमेरा वर न झुकवता मागचे स्टँडर्ड (फिल्मची चौकट) लंबरूप ठेवून पुढचे (लेन्सचे) वर उचलावे. किती उचलता येईल ते लेन्सच्या प्रतिमावर्तुळावर (लेन्स टाकते त्या गोल प्रतिमेच्या आकारावर) ठरते : ४ बाय ५ चा कर्ण सुमारे १६० मिमी असतो आणि बऱ्याच आधुनिक १५० मिमी लेन्सचे वर्तुळ एफ/२२ ला २०० मिमीहून मोठे असते, म्हणून थोडी मोकळीक मिळते. काम करण्याचे ॲपर्चर लावून ग्राउंड ग्लासच्या कापलेल्या कोपऱ्यांतून लेन्सकडे पाहावे. ॲपर्चरचे पूर्ण छिद्र दिसले तर कोपरा सुरक्षित आहे, ते कातरलेले दिसले तर लेन्स थोडी खाली घ्यावी. आणि पातळी कॅमेऱ्याची तपासावी, दगडाची नव्हे. कललेला दगड चौकटीत सरळ करण्याचा प्रयत्न केला की मागची सगळी झाडे कलतात.