पहाटेच्या थंडीत जुनी डिझेल जीप पेटत नाही, इंजिन उघडू का?

द्राक्षवाला, निफाड
राम राम मंडळी. माझी 2003 ची डिझेल जीप आहे. चार सिलिंडर, जुन्या पद्धतीचं इनडायरेक्ट इंजेक्शन, टर्बो वगैरे काही नाही. दुपारी अर्ध्या सेल्फला पेटते. पण आमच्याकडे पारा पाच-सहावर आला की पहाटे बाईसाहेब रुसतात. परवा बागेत शेकोट्या पेटवायला साडेचारला निघालो, दहा-बारा सेल्फ मारले, बॅटरी बसली. शेवटी ट्रॅक्टर लावून ओढली. ट्रॅक्टरही डिझेलच, तो रात्रभर उघड्यावर, आणि त्याला काही होत नाही! बॅटरी दिवाळीतच नवी टाकली आहे. डॅशवरचा हीटरचा (पेटवण्याआधी इंजिनच्या आतली हवा तापवणाऱ्या प्लगांचा) दिवा लागतो आणि विझतो, म्हणजे ते ठीक असावं. फिटर म्हणतो कॉम्प्रेशन गेलं, म्हणजे पिस्टन हवा नीट दाबत नाही, इंजिन उघडा. हंगामाच्या तोंडावर हा खर्च नको वाटतो.

एक विचित्र गोष्ट सांगायची राहिली. पाटाच्या उतारावर तोंड खाली करून लावली, की तेवढ्याच थंडीत पुष्कळ लवकर पेटते.

स्प्रेबहाद्दर
स्टार्टिंग स्प्रे मारा हवेच्या पाइपात, विषय संपला.

जुना मेकॅनिक, सिन्नर
वरच्या भाऊंचं ऐकू नका. हीटर प्लगच्या गाडीत तो स्प्रे मारला आणि प्लग तापलेले असले, तर नको तिथे भडका उडतो. पिस्टन फुटलेले पाहिले आहेत मी.

दादा, ट्रॅक्टरचं कोडं सोपं आहे. त्याच्यात डिझेल थेट पिस्टनवर पडतं. तुमच्या जीपमध्ये ते आधी एका छोट्या खोलीत जातं. त्या खोलीच्या थंड भिंती दाबलेल्या हवेची ऊब खाऊन टाकतात, म्हणून हीटर प्लग लागतात. आणि डॅशवरचा दिवा टायमरवर चालतो. चारही प्लग मेलेले असले तरी तो इमानदारीत लागतो आणि विझतो!

मला एकच सांगा, सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का? पांढरा, डिझेलचा वास असलेला धूर आला, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. धूरच नसेल, तर डिझेल पोचतच नाही. उद्या पहाटे घरातल्या कोणाला तरी मागे उभं करा.

द्राक्षवाला, निफाड
मुलाला उभं केलं, तो गोधडी पांघरूनच आला. पहिले पाच-सहा सेल्फ काहीच धूर नाही. मग फिल्टरवरचा हातपंप वीसेक वेळा दाबला, आणि त्यानंतर भरपूर पांढरा धूर. पेटायला तरी वेळ लागलाच.

जुना मेकॅनिक, सिन्नर
मग दोन दुखणी आहेत, म्हणूनच फिटर गोंधळला असेल. एक, रात्रीतून कुठून तरी हवा शिरते आणि डिझेल मागे टाकीत उतरतं. तोंड खाली असलं की मागची टाकी वर जाते, डिझेल जागेवर राहतं. तुमच्या उताराचं गूढ ते हेच. इंजिनच्या डिझेल पंपाच्या (हातपंप नव्हे) आधी वीतभर पारदर्शक पाइप लावा, बुडबुडे दिसतील. मग फिल्टरचं वॉशर, हातपंप आणि रबरी पाइपांची टोकं बघा.

दोन, प्लग. वरची जोडपट्टी सोडा. इंडिकेटरचा बल्ब घ्या, एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी एकेका प्लगच्या टोकाला. बल्ब लागला तर आतली तार शाबूत, नाही लागला तर प्लग गेला. मल्टिमीटर करंटवर ठेवून मोजायला जाऊ नका, एक प्लग सुरुवातीला दहा अँपिअरच्या पुढे ओढतो, मीटरचा फ्यूज जाईल.

वायरमन, नगर
थोडी भर. सेल्फ मारताना बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा. साडेनऊच्या खाली गेलं तर बॅटरी नवी असूनही दमते आहे. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला. सेल्फ फिरताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी (बॅटरीच्या मायनसला इंजिन-बॉडीशी जोडणारी) गंजली आहे. वीस वर्षांच्या गाड्यांत ही पट्टी कोणी बघतच नाही.

द्राक्षवाला, निफाड
उशिराबद्दल माफी, छाटलेल्या काड्या उचलत होतो.

बल्ब दोन प्लगांवर लागला, दोनांवर नाही. चारही बदलले. पारदर्शक पाइपात सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे! हातपंपाच्या दांड्याखालचं रबर कडक होऊन चिरलं होतं, अख्खा हातपंपच बदलला. अर्थिंगवर 0.9 व्होल्ट आले, पट्टी काढली तर खालून हिरवी पूड. घासून, ग्रीस लावून बसवली, आता 0.2. सेल्फचा आवाजच बदलला राव. फिटरला सांगितलं तर म्हणतो, "मी तेच म्हणत होतो."

आज पहाटे 6 अंश, सपाट जागेवर, दुसऱ्या सेल्फला पेटली. पेटल्यावर दहा-पंधरा सेकंद थोडा पांढरा धूर येतो, तो चालेल का?

जुना मेकॅनिक, सिन्नर
या वयाला तेवढा चालतो. गाडी गरम झाल्यावरही राहिला आणि इंजिन एका पायावर लंगडल्यासारखं वाजलं, तर नोझल (डिझेल फवारणारी तोंडं) टेस्टिंगला द्या. इंजिन उघडायचं नाव तोपर्यंत काढू नका.