इंदूरच्या गप्पा: आकाशवाणीवर की पॉडकास्टवर?

रामबागची
गेल्या रविवारी आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या बैठकीत जवळजवळ ठरलंच, की यंदाच्या वर्गणीतून इंदूरच्या मराठी माणसांच्या मुलाखतींचा पॉडकास्ट काढायचा. माझा विरोध आहे. तीच खटपट आकाशवाणी इंदूरकडे करावी. आठवड्यातून एक तास इथल्या माणसांशी गप्पांसाठी मागावा, आणि त्यात मराठीला वाटा असावा.

२२ मे १९५५ला सुरू झालेलं हे केंद्र, आजच्या मध्य प्रदेशातलं पहिलं. केंद्राच्या इमारतीतून, मालवा हाउसमधून, शेतीच्या कार्यक्रमातली नंदाजी-भेराजी ही जोडी माळवीत बोलायला लागली की आमची आजी जपमाळ बाजूला ठेवून ऐकायची. तिला ना शेत, ना बैल. पण ओसरीवर दोघं जण येऊन बसलेत असं तिला वाटायचं.

आणखी एक आठवण. अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी रेडिओवर एका गिरणी कामगाराची मुलाखत लागली होती. झांकीतले, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्यातले, दिवे पळते कसे करायचे, ते काका सांगत होते. लाकडी ढोल, त्यावर तांब्याच्या पट्ट्या. मोटरवर ढोल फिरला की पट्टी तारेला टेकते, एक माळ पेटते. पट्टी सरकली की ती विझून पुढची पेटते. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "आवाज कसा यायचा हो?" काकांनी टेबलावर बोटांनी वाजवून दाखवला. टक, टक, टक. मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते, माझा हात थांबला. ती मुलाखत मी शोधायला गेले नव्हते. ती माझ्या स्वयंपाकघरात आपणहून आली.

सुदामानगरकर
ताई, आठवण छान आहे, पण तुमचा कांदा चिरताना थांबलेला हात तेव्हाचा आहे. आज किती घरांत ट्रान्झिस्टर आहे? माझी मुलं आकाशवाणी इंदूरचं ६४८ किलोहर्ट्झ म्हणजे काय ते विचारतील.

आणि एक दुखणं सांगतो. दुसऱ्या शहरातल्या एका केंद्रावर माझ्या आईची ओव्यांवर मुलाखत झाली होती, पाऊण तासाची. ती गेल्यावर मी टेप मागायला गेलो. कळलं, टेप पुसून तिच्यावर दुसरं काहीतरी भरलंय. आईचा आवाज माझ्याकडे आता कुठेच नाही. म्हणून मला पॉडकास्ट हवा. आपलं ध्वनिमुद्रण आपल्या हातात राहावं.

देवासकर
दादा, टेपचं ऐकून वाईट वाटलं. पण ट्रान्झिस्टर नसला तरी आकाशवाणी मोबाइलच्या ॲपवर लागते. बैठकीत सामुदायिक रेडिओचा, म्हणजे संस्थेनं वस्तीपुरतं चालवायच्या छोट्या केंद्राचाही विषय निघाला असेल, म्हणून सांगतो: त्याला साधारण १०० वॅटची ताकद मिळते, दहा-बारा किलोमीटरच्या पुढे ऐकू येत नाही, आणि बातम्या आकाशवाणीच्याच लावाव्या लागतात. म्हणजे महू सुटलं, आम्ही देवासवाले सुटलो. ज्या देवासात कुमार गंधर्व १९४८पासून शेवटपर्यंत राहिले, तिथल्या गाण्याबजावण्याच्या गप्पा इंदूरच्या वेशीवरच थांबायच्या? खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देताच येत नाहीत. मोठा पल्ला आणि बातम्या, दोन्ही आकाशवाणीकडेच आहेत.

सुदामानगरकर
पल्ला आहे, पण मोकळीक? आकाशवाणी चालवणारी प्रसार भारती १९९७पासून कागदावर स्वायत्त आहे. आकाशवाणीच्या आचारसंहितेप्रमाणे राजकीय पक्षाचं नाव घेऊन टीका करता येत नाही. उद्या आपल्या इंदूरच्या कान्ह नदीच्या घाणीवर गप्पा ठेवल्या आणि पाहुणा भडकून बोलला, तर ते कापलं जाणार नाही याची हमी कोण देणार? वस्तीच्या आयुष्याबद्दल बोलायचं आणि गटाराबद्दल गप्प बसायचं, हे मला जमणार नाही.

वैशालीनगरची
मला दोघांपेक्षा वेगळं वाटतं. "मराठीला वाटा" हा हट्ट का? माझी सून माळवी आहे. घरात आम्ही एका वाक्यात तीन भाषा बोलतो. इंदूरच्या देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली चित्रकार बेंद्रेही शिकले आणि हुसेनही. त्या वर्गातल्या आठवणी फक्त मराठीत सांगायच्या?

रामबागची
वैशालीनगर ताई, फक्त मराठी असं मी म्हटलेलं नाही. पण आमच्या आळीतल्या आजींना हिंदीत प्रश्न विचारला की त्या दोन वाक्यांत आटपतात. मराठीत विचारा, मग थेट माहेरच्या विहिरीपर्यंत पोचतात. माणूस ज्या भाषेत खुलतो, त्या भाषेत त्याला बोलू द्यावं, इतकंच.

दादा, कात्रीची भीती खरी आहे, नाकारत नाही. पण इथल्या हुकुमचंद कापड गिरणीकडे बघा. १९९१ला बंद पडली, कामगारांच्या थकलेल्या पैशांचा प्रश्न सुटायला २०२३चा डिसेंबर उजाडला. बत्तीस वर्षं! कित्येक जण वाट बघत गेले. त्यांच्याशी निवांत कोण बोललं? पॉडकास्ट काढलात तर तो आपल्याच ग्रुपमधले दीडशे जण ऐकतील, ज्यांना हे आधीच ठाऊक आहे. रेडिओ मालवा मिलजवळच्या चहाच्या टपरीवरही वाजतो, आणि तिथे त्यांच्यातलाच कुणी बसलेला असतो.

देवासकर
टपरीचं पटलं.

सुदामानगरकर
मलाही पटलं. पण माझी एक अट आहे. गप्पा कुठेही होवोत, मंडळानं स्वतःचा रेकॉर्डर घ्यावा, प्रत्येक माणसाचं बोलणं आधी आपण पूर्ण टिपावं आणि त्याची एक प्रत त्याच्या घरी द्यावी. मग आकाशवाणीला द्यायचं ते द्या, त्यांनी कापायचं ते कापू दे.

रामबागची
मान्य. घरी प्रत देण्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आकाशवाणीला द्यायच्या निवेदनात पहिलं कलम तेच घालते. येत्या रविवारी मत घेतील तेव्हा तुम्ही माझ्या बाजूनं हात वर कराल?

सुदामानगरकर
नाही ताई. निवेदनावर सही करतो, मालवा हाउसला तुमच्याबरोबर येतो. पण मत पॉडकास्टलाच.