पिल्लू आजारी आहे हे तुम्हाला कशावरून कळलं?

गेल्या श्रावणात आमचा भुऱ्या, कुत्र्याचं पिल्लू, गेला. अडीच महिन्यांचा होता, लसीचा एकच डोस झाला होता. आदल्या संध्याकाळी त्याने भाताला तोंड लावलं नाही, कोपऱ्यात जाऊन बसला. पाऊस आहे, नसेल भूक, असं म्हणून आम्ही झोपलो. पहाटे पिवळ्या फेसाच्या उलट्या, उजाडेपर्यंत रक्ताची हगवण. तो वास अजून नाकातून जात नाही. पार्व्हो निघाला, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांना होणारा विषाणूचा रोग. दोन दिवस सलाईन लावलं, तिसऱ्या दिवशी गेला. आता नवं पिल्लू आणायचं मनात आहे, पण धीर होत नाही. तुमच्या पिल्लात पहिली खूण कोणती दिसली आणि तुम्ही दवाखाना कधी गाठलात, ते सविस्तर लिहा.

साताऱ्याहून
ताई, वाचून गलबललं. आमच्या राणीलाही पार्व्होच झाला होता. दुसरी उलटी झाली तशी तिला पोत्यात गुंडाळून निघालो, तेव्हा हगवण सुरूही झाली नव्हती. डॉक्टरांनी मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. अंगातलं पाणी किती गेलंय ते तिथेच कळलं. पाच दिवस सकाळ-संध्याकाळ सलाईन. सहाव्या दिवशी तिने माझं बोट चाटलं आणि मी दवाखान्यातच रडलो.
नवं पिल्लू आणाल तर एक सांगतो. हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही टिकतो. फरशी 1 भाग ब्लीच, 30 भाग पाणी असं करून पुसा, पण अंगणाच्या मातीतला विषाणू त्याने जात नाही. 16 आठवड्यांपर्यंतचे सगळे डोस पुरे होईस्तोवर पिल्लाला तिथे सोडू नका.

नागपूरहून
आमचं गोचिडांचं प्रकरण. मोत्या खात होता, पण खेळता खेळता मधेच बसायचा. मग लघवी कोऱ्या चहासारखी दिसली. ओठ उचलला तर हिरड्या पांढुरक्या. गोचीड ताप होता, रक्त फार कमी झालं होतं. वाचला. तेव्हापासून मी रोज हिरडी बोटाने दाबून बघते. सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवी.

ठाण्याहून
अंग बारीक, पोट मात्र नगारा. एक दिवस उलटीत शेवयांसारखे जंत पडले. जंताच्या औषधाने महिन्याभरात अंग धरलं.

मडगावहून
माझी चूक लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. पिल्लू गरम लागलं म्हणून घरातली पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दिली. डॉक्टर खूप रागावले. कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं, 101 ते 102.5 फॅरनहाइट, हाताला लागलं म्हणजे ताप नव्हे. आणि ती गोळी त्याच्या यकृतावर जाते. पिल्लाची प्रकृती सावरली, पण ते दोन दिवस मी जेवले नाही.

पुण्याहून
आमची पॉमेरेनियन, दोन महिन्यांची, मुठीएवढी. सकाळी उपाशी राहिली आणि दुपारी दारुड्यासारखी झोकांड्या खायला लागली. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, साखर उतरली असेल, हिरड्यांना मध चोळा आणि तसेच निघा. रिक्षात चोळत गेले. दवाखान्याच्या पायरीशी तिने डोळे नीट उघडले. पशुवैद्यांचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर तेव्हापासून फ्रिजवर चिकटवलेला आहे. ताई, पिल्लू घरी यायच्या आधी तुम्हीही तेवढं करून ठेवा.