‘वास नसलेला’ला इंग्रजीत नेमकं काय: ओडरलेस, सेंटलेस की अनसेंटेड?

कोयनाकाठ (कराड) यांचा प्रश्न:
नववी-दहावीच्या सेमी-इंग्रजी वर्गासाठी शब्दांची वही करतेय. विज्ञानाच्या पुस्तकात ‘गंधहीन’ला ओडरलेस आहे. मुलं त्याचं सर्रास ‘ऑर्डरलेस’ करतात, स्पेलिंगमध्ये यू कधी घालतात कधी गाळतात. शिवाय डिक्शनरीत सेंटलेस, अनसेंटेड, फ्रॅग्रन्स-फ्री असे भाऊबंद सापडले की यातलं कुठलं कुठे वापरायचं, हा प्रश्न येतोच. घोकंपट्टी न करता हा शब्द पक्का कसा करून घ्यावा?

शुद्धलेखन_सातारा:
मॅडम, आधी उच्चार. ‘ऑर्डर’मध्ये र हा ड-च्या आधी येतो, ‘ओडर’मध्ये तिथे र नाहीच. मुलांना ‘ओढा’तला ओ धरायला सांगा. जोर त्या ओ-वर, पुढचं पटकन उरकायचं. शेवटचं ‘लेस’ साडीच्या लेससारखं ओढायचं नाही, ते ‘लस’च्या जवळ जातं.

स्पेलिंगचा घोळ होतो तो मुलांमुळे नाही, इंग्रजीमुळे. ब्रिटिश पद्धतीत ओडर म्हणजे ओ-डी-ओ-यू-आर. त्याला लेस, फुल, एबल लागलं तर यू जागेवर राहतो: ओडरलेस, कलरलेस, कलरफुल, ऑनरेबल. पण ‘अस’ (ओ-यू-एस), ‘अंट’ किंवा ‘आइज’ लागलं की यू गळतो: ओडरस, डिओडरंट, डिओडराइज. ह्यूमर-ह्यूमरस, व्हिगर-व्हिगरस हीच गत. मुलं डिओडरंटच्या बाटलीवर यू नसलेलं स्पेलिंग बघतात आणि तेच इकडे आणतात. अमेरिकन स्पेलिंगमध्ये यू कुठेच नसतो. वहीत एकच पद्धत ठेवा, पाठ्यपुस्तकाची.

आणखी दोन चुका हमखास होतात. ‘अ ओडरलेस गॅस’ नाही, ‘अ‍ॅन ओडरलेस गॅस’, कारण सुरुवात स्वराने. पण आधी कलरलेस आलं की परत ‘अ’: ‘अ कलरलेस, ओडरलेस गॅस’. दुसरी चूक ‘व्हेरी ओडरलेस’. मराठीत तरी आपण ‘फार गंधहीन’ कुठे म्हणतो? ऑलमोस्ट, प्रॅक्टिकली, कम्प्लीटली हे मात्र चालतात.

हरिपूरचं_पेव (सांगली):
भाऊबंदांचं सांगतो, लेबलं आणि मालाची स्पेसिफिकेशन लिहिण्याच्या कामातून.

ओडरलेस हा पदार्थाचा गुण: पाणी, ग्लिसरीन, वायू. सेंटलेस फुलांना शोभतं, कारण सेंट म्हटलं की सुवास अपेक्षित असतो. अबोली, जास्वंद सेंटलेस. पाण्याला सेंटलेस म्हटलं तर कळतं, पण कानाला खटकतं. अनसेंटेड म्हणजे साबण-क्रीमसारख्या वस्तूत जाणवणारा सुगंध ठेवलेला नाही. फ्रॅग्रन्स-फ्री म्हणजे सुगंधी द्रव्य घातलेलंच नाही. हे दोन्ही एक नव्हेत: अनसेंटेड मालात मूळ घटकांचा वास दाबायला दुसरं द्रव्य टाकलेलं असू शकतं. सुगंधाची अ‍ॅलर्जी असणाऱ्याने फ्रॅग्रन्स-फ्री शोधावं ते यासाठी.

स्पेसिफिकेशनमध्ये ‘ओडर’ असा रकाना असतो. हळदीपुढे तिथे ओडरलेस लिहिलं तर घेणारा हसेल. तिथे ‘कॅरॅक्टरिस्टिक’ लिहितात, म्हणजे हळदीचा तो स्वतःचा वास, आणि पुढे कुबट किंवा परका वास नाही हे: ‘फ्री फ्रॉम मस्टिनेस अँड फॉरिन ओडर्स’. गंधकाची धुरी दिलेल्या बेदाण्यालाही परक्या वासाची हीच भाषा लावतात. फ्री फ्रॉम म्हणजे नको तो वास नाही. ओडरलेस म्हणजे वासच नाही.

तेलाचंही तसंच. रिफाइंडच्या डब्यावरचं ‘डिओडराइज्ड’ हे प्रक्रियेचं नाव आहे. निर्वात ठेवून २०० अंश सेल्सिअसच्या वर तापवलेल्या तेलातून वाफ सोडतात, वासाची द्रव्यं वाफेबरोबर निघून जातात. लाकडी घाण्याच्या शेंगतेलाला ओडरलेस म्हणणं म्हणजे त्याचा अपमान.

प्रयोगवही:
पक्का करायला शब्दाला वस्तू जोडा. एका बाजूला ओडरलेस: हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, मिथेन. समोर ‘पंजंट’, म्हणजे नाकाला झोंबणारे: अमोनिया, क्लोरीन, सल्फर डायऑक्साइड. मग कोड्यात टाका. मिथेन ओडरलेस, तर गोबरगॅसला वास कसा? तो त्यातल्या हायड्रोजन सल्फाइडचा. गंधकाच्या तर नावातच गंध, पण शुद्ध गंधकाला जवळजवळ वास नसतो. जाळल्यावर नाकात जातो तो सल्फर डायऑक्साइड.

स्वयंपाकाचा गॅसही मुळात जवळपास ओडरलेस. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात. असा वास न मिसळलेल्या वायूमुळेच १८ मार्च १९३७ ला अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडनची शाळा उडाली होती: नैसर्गिक वायू गळून इमारतीखालच्या पोकळीत साठला, वास नसल्याने कुणाला पत्ता लागला नाही. जवळपास ३०० जण गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर तिथे वायूत वास मिसळण्याची सक्ती झाली. ‘ओडरलेस गॅस धोक्याचा का?’ हा प्रश्न द्या, उत्तर लिहिताना शब्द तीन-चारदा आपसूक येतो.

कोयनाकाठ (कराड):
यू कधी गळतो ते आता फळ्यावर दोन रकान्यांत लिहीन. एक राहिलं. सर्दीत ‘मला वास येत नाही’ याचं एकाने ‘आय अ‍ॅम ओडरलेस’ केलंय.

शुद्धलेखन_सातारा:
मराठीत ‘वास येणे’ दोन्हीकडे चालतं, फुलाला वास येतो आणि मला फुलाचा वास येतो, म्हणून ही गल्लत. ओडरलेस फक्त वस्तूला. माणसासाठी ‘आय कान्ट स्मेल एनिथिंग’. वास न कळण्याच्या विकाराला अ‍ॅनॉस्मिया. आणि ‘मला वास येतोय’चं नुसतं ‘आय स्मेल’ करू देऊ नका, त्याचा अर्थ ‘माझ्या अंगाला वास मारतोय’ असा होतो. ‘आय कॅन स्मेल गॅस’ असं, कशाचा ते सांगून पूर्ण वाक्य.