विषय: गावचं चॅपल, तेर्स आणि संत जोसेफ वाझ (जरा लांब आहे)

नमस्कार मंडळी,

परदेशातल्या आपल्या मंडळाच्या परवाच्या झूम मीटिंगला चॅपलचा विषय निघाला आणि तेवढ्यात वेळ संपली, त्यामुळं बोलायचं राहून गेलं ते इथं लिहितोय. ज्यांना आमचं गाव माहीत नाही त्यांच्यासाठी आधी सांगतो, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जंगलाच्या कडेला वीसएक ख्रिस्ती घरांची वाडी आहे, घरात कोंकणी, शाळेत मराठी, तहसीलदार कचेरीत कन्नड, तिन्ही भाषा पोरं न शिकवताच शिकतात. चॅपल म्हणजे चार भिंती, वर मंगळुरी कौलं, पुढं पडवी आणि पडवीत टांगलेली घंटा. फादर महिन्यातनं एकदा यायचे मिस्साला, म्हणजे पाद्री करतो त्या मुख्य उपासनेला, बाकी रोज संध्याकाळी तेर्स गावचेच लोक म्हणायचे, म्हणजे रोझरी, जपमाळेवरची प्रार्थना, आणि सगळ्यात पुढं माझी आजी.

२०२० च्या लॉकडाऊनला चॅपल बंद झालं ते सगळ्यांचंच झालं. पण नंतर उघडायच्या वेळी दुसरंच आलं. २०२१ च्या डिसेंबरात आपल्याच बेळगावात, सुवर्ण विधानसौधात, धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत मंजूर झालं, नाताळाच्या दोनच दिवस आधी. त्या दिवसांत तालुक्यात अफवा किती आणि खरं किती हे कुणालाच कळत नव्हतं. आमच्या वाडीत कुणी येऊन काही केलं नाही हे मी स्पष्ट सांगतो, पण भीती बसायला कुणी यावंच लागतं असं नाही. त्या नाताळात आजीनं खिडकी लावून हळू आवाजात तेर्स म्हटली. जन्मभर जिचा आवाज पाणवठ्यापर्यंत जायचा ती बाई कुजबुजत प्रार्थना करत होती, मी फोनवर ऐकत होतो आणि मला काही बोलवेना. पुढं २०२३ च्या जूनमध्ये नव्या मंत्रिमंडळानं तो कायदा मागं घ्यायचं ठरवलं, पण आमच्या पडवीतली संध्याकाळ काही परत आली नाही. पोरं गोव्यात, आम्ही मस्कतला, म्हातारी माणसं आपापल्या घरात.

आता आपण पैसे जमवलेत ते नव्या छपरासाठी आणि पुढं छोटा मनोरा बांधायला. मला मनापासून वाटतं की मनोरा थांबवावा आणि आधी माणसं उभी करावीत. असं का वाटतं ते सांगायला मला जोसेफ वाझ या गोव्याच्या पाद्र्याची गोष्ट सांगावी लागेल.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना नाव ठाऊक आहे, घरात तसबीर आहे, १६ जानेवारीला त्याचं फेस्त, म्हणजे सण असतो, पण त्यानं नेमकं केलं काय हे विचारलं तर सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, गेला एवढंच सांगता येतं. जन्म १६५१, गोव्यात बाणावलीला आजोळी, मूळ घर सांकवाळचं. १६८१ ते ८४ तो कॅनरात होता, म्हणजे आपल्या राज्याच्याच किनारपट्टीवर. आणि तिकडं सिलोनमध्ये तोवर काय झालं होतं तर डचांनी पोर्तुगीजांकडनं १६५६ ला कोलंबो आणि १६५८ ला जाफना घेतलं, पाद्र्यांना हाकललं, कॅथलिक पाद्र्याला घरात आसरा देणाऱ्याला मरणाची शिक्षा लावली. चर्चं गेली, शाळा डचांच्या. पाद्री एकही नाही आणि हे जवळजवळ तीस वर्षं चाललं. तीस वर्षं म्हणजे एक अख्खी पिढी, जिनं मिस्सा पाहिलीच नाही.

वाझ तिथं १६८७ ला पोचला, हमालाच्या वेशात, बरोबर जॉन नावाचा एक विश्वासू सेवक, बस्स. गोव्यातनं निघाला तेव्हा हातात ना पैसा ना कुणाचं पत्र. जाफन्यात पोचताच हगवणीनं आजारी पडला, रस्त्याकडेच्या झोपड्यात पडून होता आणि एका बाईनं कांजी आणून दिली म्हणून वाचला असं सांगतात. बरा झाल्यावर तो दारोदार भीक मागत हिंडायला लागला, गळ्यात जपमाळ घालून. का? तर कुणाचे डोळे त्या माळेवर थबकतात ते बघायला. ज्याचे डोळे थांबले तो आपला. मला हे वाचून काटा आला अंगावर. आपली इगर्ज, म्हणजे चर्च, कुठं उरलीय हे शोधायला तो माणूस कोसळलेल्या भिंतींकडं गेला नाही, लोकांच्या डोळ्यांकडं गेला.

आणि लोक होते! मिस्सा नाही म्हणून धर्म संपला नव्हता, गावातली जाणती माणसं लपून प्रार्थना म्हणवून घेत होती, पोरांना बाप्तिस्मा देत होती. वाझनं काय केलं, रात्री घरोघर जाऊन त्यांची कुमसारं, म्हणजे पापांच्या कबुल्या, ऐकली, उजाडायच्या आत मिस्सा केली आणि दुसऱ्या वाडीला निघून गेला. आमच्या आजीसारख्याच बायका तिथं असणार, मला तर तिचाच चेहरा दिसतो.

म्हणून म्हणतो, मनोरा राहू दे. आजीची एक वही आहे, तेर्स आणि लादाईन, म्हणजे आळवणीची प्रार्थना, हातानं लिहिलेली, काही पानं रोमी लिपीत काही देवनागरीत, मेणबत्तीचे डाग पडलेली, त्या वहीतनं म्हणता येणारी गावात आता चार माणसं आहेत. ती चार गेली की आपण मनोरा बांधून कुणासाठी घंटा वाजवायची?

मस्कतहून, खानापूरकर

---

उत्तर:

खानापूरकर दादा, नमस्कार.

मी ख्रिस्ती नाही हे मंडळात सगळ्यांना माहीत आहे, निपाणीचा, तंबाखूच्या वखारीशेजारी वाढलो, पण तुमच्या फेस्ताला लहानपणी मामाबरोबर आलोय आणि पडवीत बसून जेवलोय त्यामुळं ते चॅपल माझंही आहे असं मी समजतो, चुकत असेन तर सांगा. पत्र वाचून रात्री झोप लागली नाही मला. आजीचं ते खिडकी लावणं डोक्यातनं जात नाही. आमच्याकडं सीमाप्रश्नाच्या दिवसांत मराठी पाटी लावावी की नको असं आमचे वडील दाराशी उभं राहून ठरवायचे, ते आठवलं. तुलना करत नाही, पण दबून बोलणं म्हणजे काय ते जरा कळतं.

दोन गोष्टी विचारायच्यात. एक, डच पण ख्रिस्तीच ना? मग ख्रिस्त्यांनीच ख्रिस्त्यांचा छळ करायचं कारण काय? हे मला खरंच माहीत नाही म्हणून विचारतोय.

दुसरं, माणसं आधी हे पटलं, पण छपराचं काय? गेल्या पावसात मी गेलो होतो बेळगावला, वाकडी वाट करून गावात डोकावलो तर चॅपलमध्ये वेदीच्या डाव्या हाताला पाणी गळत होतं आणि कुणीतरी खाली पितळी घागर ठेवली होती, टप टप आवाज येत होता. जून ते सप्टेंबर खानापुरात पाऊस काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. तिथं पोरांना बसवणार कुठं तुम्ही? मनोरा नको म्हणा, पण कौलं तरी बदला की वं.

बर्मिंगहॅमहून, निपाणीकर

---

उत्तर:

माझ्या लेकरांनो,

दोघांचीही पत्रं दोनदा वाचली. मी बेळगावच्या कॅम्पातली, फातिमा कॅथेड्रलच्या सावलीत लहानाची मोठी झाले आणि पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, म्हणून शिक्षिकेची सवय सुटत नाही, थोडं शिकवते.

निपाणीकर बाळा, तुझा प्रश्न अगदी योग्य आहे. डच कॅल्विनपंथी प्रोटेस्टंट होते आणि पोर्तुगीज कॅथलिक, दोघांचं वैर युरोपातलं, शिवाय दालचिनीचा व्यापार. कॅथलिक माणूस म्हणजे पोर्तुगीजांचा हेर असा त्यांचा हिशोब. १६८९ च्या नाताळात त्यांनी जाफन्यात प्रार्थनेला जमलेल्यांवर धाडी घातल्या, लोकांना पकडून नेलं. त्यानंतर वाझ पुत्तलमला गेला, तो भाग कँडीच्या राजाचा. आणि ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेव, की ख्रिस्ती सत्तेनं ज्याला हाकललं त्याला शेवटी आसरा मिळाला तो बौद्ध राजाच्या मुलखात. लगेच नाही मिळाला. १६९२ ला कँडीत पोचला तर हेर म्हणून कैदेत टाकलं, कैदेत त्यानं सिंहली भाषा शिकून घेतली आणि कैदेच्या आवारातच छोटं झोपडं उभारून त्यात मिस्सा करायला लागला. पुढच्या वर्षी दुष्काळात राजानं त्याला पावसासाठी प्रार्थना करायला सांगितलं आणि पाऊस पडला अशी श्रद्धा आहे, तिथनं राजा दुसरा विमलधर्मसूर्य यानं त्याला मोकळीक दिली.

म्हणून खानापूरकर, तुला थोडं दुरुस्त करते. वाझनं भिंतीकडं पाहिलं नाही असं नाही, कैदेत असताना सुद्धा त्यानं झोपडं बांधलंच की. देवासमोर बसायला जागा लागते. फरक एवढाच की ते झोपडं माणसं जमली म्हणून उभं राहिलं. छप्पर करा, मनोरा थांबवा, हे माझं मत, आणि निपाणीकराच्या पितळी घागरीला माझं एक मत जास्त.

तू जे लिहिलं नाहीस ते मी लिहिते, कारण मला तेच सगळ्यात मोठं वाटतं. पहिली नऊ-दहा वर्षं तो तिथं एकटाच पाद्री होता, मदतीला कुणी नाही. १६९६-९७ च्या सुमारास गोव्याहून मिशनरी आले, त्यात त्याचा भाचा जोसेफ कार्व्हाल्यो होता. हे सगळे गोव्याच्या ओरेटरीचे, म्हणजे तिथल्या पाद्र्यांच्या संघाचे, आपल्याच मातीतले पाद्री, एकही युरोपियन नव्हता. १६९७ ला कँडीत देवीची साथ आली, राजा शहर सोडून गेला, घरातल्या माणसांनी घरातल्या रोग्यांना टाकलं, आणि हे मामाभाचे त्या टाकलेल्यांची शुश्रूषा करत राहिले, ख्रिस्ती आहे की बौद्ध आहे हे न विचारता. कोरोनात आपल्या बेळगावात काय काय पाहिलं ते आठवा म्हणजे कळेल याला काय लागतं. १७०५ ला गोव्यातल्या दिवाडीचा याकोम गोन्साल्व्हिस आला, त्यानं सिंहली आणि तमिळमध्ये धर्मग्रंथ लिहिले. लोकांच्या भाषेत. ज्यानं चर्च परत जिवंत केलं त्यानं आधी शिकायला घेतली ती भाषा.

हे आपल्याला लागू आहे, मोकळेपणी बोलते. आमचा बेळगावचा धर्मप्रांत, म्हणजे बिशपचा प्रांत, १९५३ ला झाला, तोवर हा भाग गोव्याच्या आर्चबिशपच्या प्रांतात होता. मराठी, कोंकणी, कन्नड, इंग्रजी, प्रत्येकाचा आग्रह, प्रत्येकाचा दुखावा. भाषेवरनं मिस्साला न येणारी माणसं मी पाहिली आहेत. तुमच्या वाडीत आजी कोंकणीत तेर्स म्हणते आणि नात तिला मराठीत उत्तर देते, पोर फादरशी कन्नडमध्ये बोलतं, असू दे. जो शिकवायला उभा राहील त्याला तिन्ही यायला हव्यात, एवढं मात्र बघा. वाझला तमिळ आणि सिंहली दोन्ही यायच्या.

आता पैशाचं. मंडळाच्या खात्यातनं सरळ चर्चला पैसे पाठवू नका रे! परदेशात नोंदवलेल्या संस्थेचे पैसे म्हणजे परकीय देणगी, त्याला एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांचा कायदा, लागू होतो. ज्यांचा भारतीय पासपोर्ट आहे ते आपल्या बचतीतनं बँकेमार्फत देऊ शकतात, ती परकीय देणगी धरत नाहीत. ज्यांनी नागरिकत्व बदललं त्यांचं धरतात, म्हणजे माझंही धरतात. मी पैसे देणार नाही, मी सुट्टीत येऊन शिकवणार.

टोरांटोहून, तुमची बाई

---

उत्तर:

बाई, नमस्कार, निपाणीकर तुलाही.

घागर माझ्याच घरातली होती. आजीनं ठेवली होती. निपाणीकर, तू तिथं गेलास आणि आम्हाला कळलंही नाही, पुढच्या वेळी घरी जाऊन जेवून जा, नाहीतर ती मला बोलते.

बाईंचं म्हणणं मान्य. जानेवारीत सुट्टी आहे माझी, कौलं त्याआधी उतरवायची आणि नवी चढवायची. नांदगडच्या मिस्त्रीशी बोललोय, कौलांखालच्या लाकडाला वाळवी लागलीय की नाही ते वर चढल्याशिवाय सांगता येणार नाही म्हणाला. खर्च पासपोर्टवाले आम्ही सहा जण वाटून घेतो. मनोऱ्याचे जे पैसे जमलेत ते ज्याचे त्याला परत.

वहीचं काम सुरू झालंय. चुलतभावाच्या मुलीनं पानापानाचे फोटो काढून पाठवले, काही शब्द आजीलाच विचारावे लागतात कारण ते तिच्याच अक्षरात आहेत आणि तिच्याशिवाय कुणी तसे म्हणत नाही. काल व्हिडिओ कॉलवर ती लादाईन सांगत होती आणि पोरगी लिहून घेत होती, मध्येच थांबून आजी म्हणाली की हा शब्द माझ्या आईचा, मला त्याचा अर्थ माहीत नाही, पण तू तसाच लिही.

गावात अजून तीन म्हातारी माणसं आहेत ज्यांना तोंडपाठ आहे, त्यातले एक काका फोनच घेत नाहीत, त्यांच्याकडं जायला माणूस लागेल. बाई, तुम्ही कधी येताय तेवढं कळवा, आधी त्यांच्याकडं जाऊ.

आणि १६ जानेवारीला, वाझच्या फेस्ताला, फादर येतो म्हणालेत, मिस्सा सकाळी आठला. संध्याकाळची तेर्स मात्र गावचीच. आजीला विचारलं खिडकी उघडी ठेवायची का, तर म्हणाली पडवीतच बसते, तिथं खिडकीच नाही.

खानापूरकर